वॉकीटॉकी हातात घेण्याआधी

२०१९ च्या डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात एक तरुण वाघ येऊन पोचला. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून तो निघाला होता. वाटेत तेलंगणाची हद्द शिवून तो परत महाराष्ट्रात आला आणि शेतं, नाले, डांबरी रस्ते ओलांडत हजाराहून अधिक किलोमीटर चालला. पुढे त्याचं नाव ‘वॉकर’ पडलं. त्याच्या प्रवासाचा नकाशा आपल्याला मिळाला तो गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे. ती कॉलर उपग्रहाद्वारे आपला ठावठिकाणा कळवत होती, शिवाय व्हीएचएफ लहरींवर ठरावीक अंतराने ‘टिक्’ असा संकेतही सोडत होती. हातात अँटेना धरून माग काढणाऱ्या माणसाला तो संकेत ऐकू येतो.

अशा कॉलरलाही वायरलेसच्या परवानगीचा कागद लागतो. ती परदेशातून मागवायची तर दूरसंचार विभागाची मंजुरी घ्यावी लागते, आणि वाघ-हत्तींवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना ती मिळवण्यासाठी पत्रव्यवहार करावा लागतो. याच जिल्ह्यातल्या मेहकरमध्ये मात्र गणपतीची मिरवणूक, शारंगधर बालाजीचा उत्सव, पाच-सात हजार पानांचं लग्न किंवा समृद्धी महामार्गालगतची एखादी साइट म्हटली, की कोणीतरी मोबाइलवर शोधतं, दोन-तीन हजारांत वॉकीटॉकीची जोडी मागवतं आणि तिसऱ्या दिवशी ती कुरिअरने घरी येते. वाघासाठी कागद आणि माणसासाठी नुसतं कुरिअर, हे बरोबर नाही. कायदा दोघांनाही सारखाच लागू आहे, फक्त दुसऱ्या ठिकाणी तो कोणी सांगत नाही. तो सांगायला हवा, कारण यात अडकतात ती बहुधा चांगल्या हेतूने गर्दी सांभाळायला उभी राहिलेली पोरं.

या कायद्याचं मूळ समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं. १८८५ चा भारतीय तार कायदा तारयंत्र उभारणं आणि चालवणं यावर नियंत्रण ठेवत होता. रेडिओ आला तेव्हा त्यातली उणीव दिसली. कोणी बिनतारी यंत्र वापरत होतं हे कोर्टात सिद्ध करणं अवघड, कारण लहरी हवेत विरून गेलेल्या असतात आणि मागे राहतं ते फक्त कपाटातलं यंत्र. म्हणून १९३३ चा भारतीय बिनतारी तारयंत्र कायदा आला आणि १ जानेवारी १९३४ पासून लागू झाला. त्याच्या तिसऱ्या कलमाने नुसतं जवळ बाळगणं हाच गुन्हा ठरवला. वापरलं की नाही, काय बोललात, कोणाशी बोललात, हे प्रश्न नंतरचे. लायसन्सशिवाय यंत्र जवळ आहे एवढं पुरे.

सहाव्या कलमात आणखी एक तरतूद होती, ती मंगल कार्यालयाच्या मालकांनी आणि मंडळाच्या अध्यक्षांनी नीट वाचावी अशी आहे. यंत्र एखाद्याच्या उघड ताब्यात असेल, किंवा त्याचं नियंत्रण असलेल्या जागेत सापडलं, तर ते त्याच्याच ताब्यात होतं असं कोर्टाला गृहीत धरता येत असे. म्हणजे यंत्र आणलं डेकोरेशनवाल्याने आणि सापडलं कार्यालयाच्या ड्रॉवरमध्ये, तर पहिला प्रश्न कार्यालयाच्या मालकाला. साध्या यंत्राला पहिल्या गुन्ह्यात शंभर रुपयांपर्यंत दंड होता, पण प्रक्षेपक म्हणजे लहरी सोडणारं यंत्र असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वॉकीटॉकी हा प्रक्षेपकच आहे.

घरातल्या साठी-सत्तरीच्या माणसांना हा कायदा वेगळ्या रूपात आठवेल. पूर्वी साध्या रेडिओलाही लायसन्स लागायचं. त्याचं पुस्तक पोस्टातून मिळायचं आणि दरवर्षी फी भरून त्यावर नोंद करून घ्यावी लागायची. बिनाका गीतमाला ऐकायची तरी सरकारदरबारी नाव असायचं. ऐंशीच्या दशकात ती पद्धत बंद झाली आणि लोकांचा समज झाला की रेडिओवरचं लायसन्सच संपलं. संपलं ते फक्त आकाशवाणी ऐकण्याचं. बोलण्याचं कधीच संपलं नाही. पोलिसांचे किंवा इतर खात्यांचे संदेश पकडणारा स्कॅनरसुद्धा करमणुकीच्या रेडिओत मोडत नाही.

सत्तेला लहरींची एवढी धास्ती का, हे मुंबईच्या एका प्रकरणातून कळतं. ‘छोडो भारत’ची हाक दिल्यानंतर काँग्रेसचे नेते तुरुंगात गेले आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. १९४२ च्या ऑगस्टअखेर मुंबईत ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू झाला. बावीस वर्षांच्या उषा मेहता, बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी आणि शिकागो रेडिओ कंपनीचे नानक मोटवानी ही त्यातली मंडळी. ४२.३४ मीटरवर आपण बोलत आहोत असं जाहीर करून त्यांचं प्रक्षेपण सुरू व्हायचं. एका जागी फार दिवस थांबायचं नाही, हा त्यांचा नियम होता, कारण पोलिसांकडे लहरींची दिशा शोधणारी साधनं होती. प्रक्षेपक बनवून देणारा तंत्रज्ञ फुटला आणि १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलिसांनी दरवाजे फोडले. उषाताईंना चार वर्षांची सक्तमजुरी झाली. त्यांचं धाडस आपल्या इतिहासाचं भूषण आहे. कायद्याच्या बाजूने पाहिलं तर एवढंच दिसतं की एका खोलीतलं एक यंत्र साम्राज्याला झोप लागू देत नव्हतं, आणि स्वतंत्र भारताने यंत्र बाळगणं गुन्हा ठरवणारं ते कलम जसंच्या तसं पुढे चालवलं. पुढे २६/११ घडलं. हल्लेखोरांनी उपग्रह फोन वापरला होता आणि त्यानंतर हा आग्रह आणखी कडक झाला.

हल्लीचं उदाहरण गोव्याचं. डिसेंबर २०२४ मध्ये दाबोळी विमानतळावर एका कॅनेडियन महिलेला अडवलं गेलं. तिच्याजवळ गार्मिनचं उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं उपकरण होतं. डोंगरात पळणाऱ्या लोकांकडे ते जीव वाचवण्यासाठी असतं आणि जगाच्या निम्म्या भागात कोणी त्याकडे पाहणारही नाही. इथे मात्र लायसन्सशिवाय ते बाळगणं चालत नाही. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत आणि येताना ‘बाबा, ट्रेकसाठी घेऊन जा’ म्हणून असलं काही बॅगेत टाकतात, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

अमेरिकेतून येणाऱ्या वॉकीटॉकीच्या जोडीचीही तीच गत. तिथे घरगुती वापरासाठी ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपासचे चॅनेल बिनालायसन्स खुले आहेत. खोक्यावर तसं ठळक छापलेलंही असतं. पण ते लिहिलंय अमेरिकेच्या ग्राहकासाठी. भारतात त्या वारंवारिता लायसन्सधारकांना वाटून दिलेल्या आहेत. मुलाने प्रेमाने आणलेलं यंत्र तिथे कायदेशीर आणि नागपूर विमानतळावर उतरल्यावर बेकायदेशीर, असं घडू शकतं.

आता खुलं काय आहे ते पाहू. सगळ्याच लहरींना लायसन्स लागलं असतं तर मेहकरचा टोलनाका चाललाच नसता. समृद्धीच्या इंटरचेंजवर गाडी आली की वरचं यंत्र ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लहर सोडतं. काचेवरच्या फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. त्या लहरीतूनच ऊर्जा घेऊन तो आपला क्रमांक परत पाठवतो. हा पट्टा कमी शक्तीच्या अशा उपकरणांसाठी मोकळा ठेवला आहे. घरातलं वायफाय, कानातलं ब्लूटूथ आणि बरेचसे ड्रोन २.४ गिगाहर्ट्झच्या मोकळ्या पट्ट्यात चालतात. मोबाइल हाही प्रक्षेपकच, पण त्याच्या लहरींचे पैसे कंपनीने लिलावात भरलेले असतात, त्यामुळे आपल्याला वेगळा कागद लागत नाही. म्हणूनच मोबाइलवरची बटण दाबून बोलायची ॲप्स वापरायला हरकत नसते. मंडळाच्या पोरांना बहुतेक वेळा तेवढंच पुरतं.

खऱ्या वॉकीटॉकीसाठी दोन खिडक्या आहेत. एक जुनी, २००५ पासूनची, २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झचा सिटिझन बँड, पाच वॅटपर्यंत. दुसरी, आजच्या बाजारात कामाची, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झची. २०१८ च्या ऑक्टोबरात अधिसूचित झालेल्या नियमांनी कमी शक्तीच्या उपकरणांना लायसन्समधून सूट दिली, त्यात ही येते. युरोपातही याच पट्ट्यात लोक बिनालायसन्स बोलतात. सगळी मिळून दोनशे किलोहर्ट्झची ही पट्टी. तीत साडेबारा किलोहर्ट्झचा एक याप्रमाणे सोळा चॅनेल बसतात. शक्तीची मर्यादा अर्धा वॅट.

अर्ध्या वॅटमध्ये काय होणार, असं पुष्कळांना वाटतं, आणि तिथेच ते पाच-आठ वॅटच्या चिनी सेटकडे वळतात. इथे थोडं गणित पाहावं. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, पृथ्वीच्या गोलाईबरोबर फारशा वळत नाहीत. सपाट मैदानात दोन माणसं छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून दीड मीटरवर, सेट धरून उभी राहिली तर त्यांच्यातलं क्षितिज साधारण दहा किलोमीटरवर येतं. खोक्यावरचा ‘१० किमी’ येतो तो इथून. मध्ये एक झाड, एक भिंत, एक टेकाड नाही असं मैदान मेहकर तालुक्यात कुठे आहे? पैनगंगेच्या काठच्या वस्तीत, स्लॅबच्या घरांच्या गर्दीत, अर्ध्या वॅटचा सेट काहीशे मीटर ते एखादा किलोमीटर चालतो. पाच वॅटचा सेट घेतला तर शक्ती दहापट होते, पण टेकाडाच्या पलीकडे ती तरीही पोचत नाही. त्याऐवजी एक माणूस दहा मीटर उंच गच्चीवर उभा केला तर त्याच्या आणि खालच्या माणसाच्या मधलं क्षितिज अठरा किलोमीटरच्या घरात जातं. लहरींच्या बाबतीत शक्तीपेक्षा उंची जास्त कामाला येते. मिरवणुकीचा मार्ग दीड-दोन किलोमीटरचा असतो. गच्चीवर एक आणि मध्ये दोन ठिकाणी एकेक माणूस ठेवला तर कायद्यात बसणारे सेट बऱ्याचदा पुरतात.

बाजारात सर्वांत जास्त खपणारे स्वस्त सेट दोन पट्ट्यांत कुठेही लावता येतात: १३६ ते १७४ आणि ४०० च्या पुढे ४८० किंवा ५२० मेगाहर्ट्झपर्यंत. अडचण नेमकी हीच. विमानांचं बोलणं १३७ मेगाहर्ट्झपर्यंत चालतं. त्याच्या लगेच वर, याच पट्ट्यांमध्ये, पोलीस, वनखातं, बंदरं, अग्निशमन यांचे चॅनेल विखुरलेले आहेत. विकणाऱ्याने कुठलीतरी वारंवारिता भरून दिलेली असते आणि घेणाऱ्याला ती कोणाची हे ठाऊक नसतं. या यंत्रांवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. एखाद्या कार्यकर्त्याच्या खिशात बटण दाबलेलं राहिलं, की त्या वारंवारितेवरचा आसपासचा प्रत्येक सेट मुका होतो. ती पोलिसांची असेल आणि त्याच क्षणी घाटात अपघात झालेला असेल, तर त्या खिशातल्या बटणाची किंमत कोणीतरी दुसराच मोजतो. मला हा नियम जाचक वाटत नाही तो यामुळे. सार्वजनिक विहिरीवर एकाने मोटार लावून ठेवली तर बाकीच्यांच्या घागरी रिकाम्या राहतात, तसंच हे आहे.

अशी विक्री उघड चालू होती हे सरकारलाही दिसत होतं. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ ऑनलाइन विक्री संकेतस्थळांना नोटिसा दिल्या. वॉकीटॉकीच्या १६,९७० जाहिराती प्राधिकरणाला नियमात न बसणाऱ्या सापडल्या होत्या. बहुतेकांवर वारंवारिता लिहिलेली नव्हती, लायसन्स लागतं की नाही याचा पत्ता नव्हता. ३० मे २०२५ ला त्याच प्राधिकरणाने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार वारंवारितेचा पट्टा आणि तांत्रिक माहिती जाहिरातीत द्यावी लागते, उपकरणाच्या प्रकाराला मान्यता असावी लागते आणि हे तपासणं संकेतस्थळाचंही काम आहे.

ही मान्यता म्हणजे ‘ईटीए’. दूरसंचार विभागाचा वायरलेस नियोजन आणि समन्वय विभाग, ज्याला सगळे ‘डब्ल्यूपीसी’ म्हणतात, ती मॉडेलनिहाय देतो. सेट घ्यायचाच असेल तर दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात: वारंवारिता ४४६.० ते ४४६.२ मध्ये आहे का, शक्ती अर्ध्या वॅटच्या आत आहे का, आणि या मॉडेलचं ईटीए प्रमाणपत्र कुठे आहे. ‘साहेब, सगळेच घेतात’ हे यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर होत नाही. पक्कं बिल घ्यावं, त्यावर मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा. चुकीचा सेट आधीच घरात असेल तर तो दुसऱ्याला विकून मोकळं होता येत नाही. असं यंत्र विकायला विक्रेत्याचं वेगळं लायसन्स लागतं.

अर्ध्या वॅटमध्ये खरोखरच भागत नसेल, म्हणजे मोठी बांधकाम साइट, सुरक्षा कंपनी किंवा साखर कारखाना असेल, तर डब्ल्यूपीसीकडे अर्ज करून स्वतःची वारंवारिता मागता येते. त्यासाठी शुल्क भरावं लागतं आणि वेळही लागतो. अर्ज ‘सरल संचार’ पोर्टलवर होतात.

दरम्यान कायदाच बदलतो आहे. संसदेने डिसेंबर २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा मंजूर केला. १८८५ आणि १९३३ चे दोन्ही कायदे त्याने मागे सारायचे आहेत. तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे, पहिली कलमं २६ जून २०२४ पासून. परवानगीशिवाय दूरसंचार सेवा देणं किंवा जाळं उभारणं यासाठी त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. शंभर रुपयांच्या दंडाचा जमाना गेला, आणि ‘पहिलीच चूक आहे, सोडून देतील’ या भरवशावर राहणं आता महागात पडेल.

पकडतात कसे, हेही लोक विचारतात. वायरलेस निरीक्षण संघटना १९५२ पासून देशभर हेच काम करते. तिचं एक केंद्र नागपूरला आहे, आणि उपग्रहांच्या लहरींवर नजर ठेवणारं देशाचं केंद्र तर मेहकरहून सिंदखेडराजामार्गे सरळ रस्त्याने जाता येतं त्या जालन्यात आहे. जमिनीवरच्या सेटचा माग काढायची रीत साधी आहे. दिशादर्शक अँटेना घेऊन गाडी एका जागी उभी राहते, लहर कुठून येते ती रेषा नकाशावर ओढते. मग दुसऱ्या जागी जाऊन दुसरी रेषा. दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथे सेट आहे. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी जागा बदलत होते ते या दुसऱ्या रेषेला चुकवण्यासाठी.

आणि आता मला सर्वांत जवळची वाटणारी वाट. वायरलेसचं खरंच वेड असेल, यंत्र उघडून बघायची हौस असेल, तर चोरून सेट बाळगण्याची काहीच गरज नाही. हॅम म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स वयाच्या बाराव्या वर्षापासून मिळतं. त्यासाठी पदवी लागत नाही. परीक्षा असते, तिचे दोन दर्जे आहेत. ‘रिस्ट्रिक्टेड’ला मोर्स संकेत येण्याची गरज नाही. ‘जनरल’ला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स घेता-देता यावं लागतं. उरलेला अभ्यास म्हणजे प्राथमिक वीजशास्त्र, अँटेना, लहरींचा प्रवास आणि नियम. अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्राला घाबरत नाही असा मुलगा किंवा मुलगी दोन-तीन महिने मनापासून बसली तर पास होते. एरवी पुस्तकात मरून पडलेला ‘तरंगलांबी’चा धडा इथे हातात येतो, कारण दोन मीटरच्या लहरीसाठी अर्ध्या मीटरची तार कापताना ती सूत्रानेच कापावी लागते.

लायसन्स झालं की स्वतःचं ओळखचिन्ह म्हणजे कॉल साइन मिळतं, व्हीयू-२ किंवा व्हीयू-३ ने सुरू होणारं, आणि ते जगात दुसऱ्या कोणाचं नसतं. १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे पट्टे खुले होतात. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरच्या हॅम रेडिओचा आवाज १४५.८०० मेगाहर्ट्झवर खाली येतो आणि स्थानक डोक्यावरून जात असताना तो साध्या हातातल्या सेटवरही पकडता येतो. बंधनंही आहेत. धंद्याचं बोलायचं नाही, गाणी लावायची नाहीत, सांकेतिक भाषेत बोलायचं नाही, प्रत्येक संभाषणात आपलं चिन्ह सांगायचं. लग्नाचं नियोजन किंवा दुकानाचा हिशोब या लायसन्सवर चालत नाही. पण संकटात हीच मंडळी उपयोगी पडतात. २००१ च्या भूज भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीत, फोन बंद पडलेले असताना, हॅमनी निरोप पोचवले. त्सुनामीच्या वेळी हॅम भारती प्रसाद योगायोगाने अंदमानातच होत्या आणि पोर्ट ब्लेअरहून पहिल्या काही दिवसांत बाहेर गेलेल्या निरोपांत त्यांच्या सेटचा वाटा मोठा होता.

मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या पट्ट्यात मोबाइलची रेंज घाटात आणि नाल्यात आजही दगा देते. तालुक्याच्या एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयात पाच विद्यार्थी लायसन्सधारक असणं ही फार मोठी अपेक्षा नाही. त्यासाठी अर्ज सरल संचारवर भरायचा, ओळखपत्र आणि जन्मतारखेचा पुरावा जोडायचा, नागपूर किंवा मुंबईच्या केंद्रावर परीक्षा द्यायची, पोलीस पडताळणी होऊ द्यायची. लायसन्स वीस वर्षांचं किंवा आयुष्यभराचं घेता येतं. सेट विकत घ्यायचा तो लायसन्स हातात पडल्यावर.